पेशीतला वाहक

अकोल्याहून अमरावतीला एसटीने नेहमी जाणाऱ्या माणसांना मोतीराम खंडारे हे नाव सांगितले, तर ती डोके खाजवतील. पण "आधी उतरू द्यावाले कंडक्टर" म्हटले की लगेच हसतील. गाडी बोरगाव मंजूला थांबो नाही तर मूर्तिजापूरला, दाराची कडी निघण्याआधी आतून तो आवाज ठरलेलाच असे, "आधी उतरू द्या हो बाप्पा! मंग चढा. गाडी काही पळून नाई चालली."

आवाज असा, की स्टँडवरची कुत्रीसुद्धा दोन पावले मागे सरत. पण हा आवाज फक्त गाडीच्या दारात यायचा. मोतीरामभाऊ दारातून खाली उतरले की त्यांचा आवाजही खाली उतरे. लग्नात ते शेवटच्या रांगेत बसत. आगारातल्या सभेत कुणी "खंडारे, तुमी बी दोन शब्द बोला," असे म्हटले की त्यांना हटकून तहान लागे. घरात बोलायचे काम दुर्गाबाईंकडे होते, आणि त्या ते दोघांच्या वाट्याचे करीत.

लोक कंडक्टर म्हणत, पण मोतीरामभाऊ स्वतःला वाहक म्हणत. गाडीत त्यांच्या सीटवर तसे रंगवलेलेच होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःचे असे दोनच नियम केले. पहिला उतरण्या-चढण्याचा, तो वर आलाच आहे. दुसरा असा की लोखंड गुंडाळल्याशिवाय आणि तेल हातात धरल्याशिवाय गाडीत यायचे नाही.

या दुसऱ्या नियमाला कारण घडले होते. बोरगावच्या जयवंताबाई अमरावतीला दिलेल्या लेकीकडे घाण्यावरचे करडईचे तेल घेऊन निघाल्या होत्या. पत्र्याचा डबा सीटखाली सरकवून त्या निवांत बसल्या. पुढच्या थांब्यावर एक शेतकरी नवाकोरा नांगराचा फाळ घेऊन चढला आणि त्यानेही तो त्याच सीटखाली सरकवला. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक लागला आणि फाळाचे टोक थेट डब्यात गेले. मग तेल जे निघाले ते गाडीभर. उतरायला उभे राहिलेले एक गुरुजी दारापासून थेट ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपर्यंत एकही पाऊल न टाकता पोहोचले. जयवंताबाईंनी त्या फाळवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, ती बडनेरा आले तरी संपली नव्हती.

तेव्हापासून मोतीरामभाऊ दारातच सामान बघत. लोखंड दिसले की म्हणत, "गोणपाटात गुंडाळा." तेल दिसले की म्हणत, "मांडीवर घ्या. सोडू नका त्याले." आता लोकांना हे इतके पाठ झाले होते की कोयता घेऊन चढणारी बाई स्वतःच "बांधेल हाय, भाऊ," असे सांगत आत यायची.

अशा या माणसाच्या मनात एक काटा होता. त्यांच्या शेजारच्या फलाटावरून रोज एक गाडी सुटायची आणि तिच्या काचेवर पाटी असायची, 'विनावाहक'. नसलेल्या माणसाची पाटी कशाला लावायची, हे मोतीरामभाऊंना समजत नसे. दुर्गाबाई मीठ विसरल्या तर काय दारावर 'विनामीठ' लिहून ठेवतात? निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि आपण गेल्यावर आपल्या गाडीवरही तीच पाटी लागेल, असे त्यांना उगीचच वाटत राही.

अशात एके दिवशी, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी, टेबलावर त्यांना तो फोटो दिसला.

टेबल ज्योत्स्नाचे होते. ज्योत्स्ना त्यांची एकुलती मुलगी. अमरावतीला राहून तिने वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली होती. कशावर केली, हे मोतीरामभाऊंनी तिला सहा वर्षांत विचारले नव्हते. विचारायचे मनात खूप होते, पण तिने सांगितले आणि आपल्याला समजले नाही तर तिला वाईट वाटेल, या भीतीने ते "जेवली का?" एवढेच विचारत.

फोटोत दोन कुंड्या होत्या. एका कुंडीत हिरवेगार, टवटवीत रोप. दुसरीत तेवढ्याच वयाचे, पण बोटभर आणि पिवळे पडलेले. पहिल्याखाली ज्योत्स्नाच्या अक्षरात लिहिले होते, 'वाहक आहे'. दुसऱ्याखाली, 'वाहक नाही'.

मोतीरामभाऊंनी तो फोटो तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. सहा वर्षे आपली पोर कशावर अभ्यास करत होती, हे त्यांना त्या क्षणी कळले, किंवा कळले असे वाटले. त्यांनी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी आगाराच्या कॅन्टीनमध्ये तो त्यांचा ड्रायव्हर किशोर याच्यापुढे धरला.

किशोरने चहाचा घोट घेत बराच वेळ पाहिले. "म्हंजे गाडीत झाडं बसवली होती का, भाऊ?"

"प्रयोग असन," मोतीरामभाऊ हळूच म्हणाले.

"अन् वाहक नव्हता तं झाड पिवळं पडलं?"

"फोटोच हाय समोर."

"इचीन!" किशोरने कप ठेवला. "माया तं पहिल्यापासूनच डाऊट होता. मी एकटा गाडी नेतो तवा माहं बी तोंड असंच पिवळं पडते."

संध्याकाळपर्यंत तो फोटो मोठा छापून कॅन्टीनच्या पाण्याच्या टाकीवर चिकटला होता. वर किशोरच्या अक्षरात मथळा होता, 'वाहक नाही तर हिरवळ नाही. डॉ. ज्योत्स्ना खंडारे यांचे संशोधन.' येणारे जाणारे वाहक पाणी पिता पिता त्याकडे पाहत आणि ताठ होऊन ड्यूटीवर जात. मोतीरामभाऊंना त्या दिवसांत सभेत कुणी बोलायला सांगितले असते, तर कदाचित तहान लागली नसती.

घरात मात्र वातावरण वेगळे होते. पीएचडी झाल्यापासून ज्योत्स्ना कॉलेजात नोकरी शोधत होती. दोन ठिकाणी तिला वर्गात शिकवून दाखवायला सांगितले आणि दोन्ही ठिकाणी नकार आला. कारण दोन्हीकडे एकच होते. विषय येतो, पण मुलांना समजत नाही. घरी आईशी तोंडाला तोंड देणारी ही पोरगी फळ्यासमोर उभी राहिली की पुस्तक होऊन जाई. आता अमरावतीच्या एका कॉलेजने तिसऱ्यांदा बोलावले होते, बुधवारी, अकरावीच्या वर्गावर. आणि नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यातून ऑफिसच्या कामासाठी बोलावणे आले होते. त्यांना होकार की नकार, ते शुक्रवारपर्यंत कळवायचे होते.

"बुधवारी नाही जमलं तर मी कापडवाल्यांना हो म्हणते," ज्योत्स्ना जेवताना म्हणाली.

"कापडात काय वाईट हाय?" दुर्गाबाई म्हणाल्या. "लोकं कापडं घालतेत का पानं गुंडाळतेत?"

ज्योत्स्ना हसली नाही. ताट उचलून ती आत गेली. खिडकीत तिने कुंडीत लावलेले एक संत्र्याचे कलम होते, चुनखडीच्या मातीमुळे पिवळट पडलेले. जाता जाता तिने त्याचे एक पान बोटांनी उलटून पाहिले, आजारी लेकराचा ताप पाहावा तसे. मोतीरामभाऊंनी ते पाहिले. ही पोरगी कापडाच्या ऑफिसात बसली तर पानं कोण पाहील, एवढेच त्यांच्या मनात आले.

सोमवारी ज्योत्स्नाला कागदपत्रे द्यायला अमरावतीला जायचे होते. ती वडिलांच्याच गाडीत बसली, वाहकाच्या सीटला लागून. गर्दी नव्हती. बोरगाव मागे पडल्यावर तिने वही काढली आणि पुटपुटत पाठ करायला लागली. तिकिटे आटोपून मोतीरामभाऊ शेजारी बसले.

"मोठ्यानं वाच ना," ते म्हणाले. "म्या कवा ऐकलंच नाई."

तिने बापाकडे पाहिले. सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारले होते. तिने घसा साफ केला. "वनस्पतींच्या पेशीमध्ये हरितलवक हे दुहेरी पटलाने वेष्टित असते..."

मागच्या सीटवरचा एक गृहस्थ पुढे वाकला. हातात कागदांची पिशवी होती. "कोन्त्या कोर्टात पेशी हाय, बाई? माही बी आजच हाय."

"कोर्टातली नाही हो, काका. झाडाची पेशी."

"झाडाचा दावा चालू हाय? बांधावरचं हाय का?"

"आमचं बी बांधावरचंच झाड हाय," पलीकडची एक बाई म्हणाली. "दिरानं तोडलं."

समोरून किशोर ओरडला, "पटल म्हंजे काय व? मले तं अजून काहीच नाई पटलं!"

ज्योत्स्नाने वही मिटली. मोतीरामभाऊंनी तिच्या हाताला हात लावला. "तू सांग. सोपं करून सांग. त्या वाहकाचं सांग."

"कोणत्या?"

"तुया फोटोतल्या. गाडीत वाहक नसला तं झाडं पिवळी पडतेत, ते."

ज्योत्स्ना बापाकडे पाहतच राहिली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. फोटो, कॅन्टीन, पाण्याची टाकी, किशोरचा मथळा. तिने दोन्ही हातांनी डोके धरले. "बाबा! माणूस नाही हो तो. वाहक म्हणजे प्रथिन. डोळ्याला दिसतही नाही इतकं लहान. हरितलवकाच्या पटलात, म्हणजे त्याच्या पातळ पापुद्र्यात, बसलेलं असतं. बाहेरचं लोह ते आत घेतं. लोह आत आलं नाही तर हिरवा रंग तयार होत नाही, झाड पिवळं आणि खुजं राहतं. आणि तुम्ही माझं नाव घालून..." तिने डोळे पुसले. "काढा तो फोटो आजच्या आज."

मोतीरामभाऊंचे कान तापले. पंचेचाळीस माणसांनी आपल्याला एकदम पाहिले असे त्यांना वाटले, जरी गाडीत एकोणीसच होती. ते खिडकीबाहेरची कपाशी बघू लागले. पण त्यांच्या डोक्यात शब्द फिरत राहिला. पटलात बसलेला असतो. बाहेरचे आत घेतो.

"म्हंजे दारात असते तो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"हं."

"अन् आतलं बाहेर कोन सोडते?"

ज्योत्स्नाने नाक पुसले. "त्याचा वेगळा वाहक. मेदाम्ले, म्हणजे तेल ज्यापासून बनतं ते, हरितलवकाच्या आतच तयार होतात. त्यांना बाहेर न्यायला दुसरा वाहक. एकाचं काम दुसरा करत नाही."

"लोखंड आत, तेल बाहेर."

"तसंच. पण लोह पेशीत मोकळं फिरू देत नाहीत. मोकळं राहिलं तर आजूबाजूचं सगळं नासवतं. म्हणून त्याला सतत कशात तरी बांधून ठेवतात. आणि मेदाम्लंही सुटी राहिली तर पटलंच विरघळवतील, साबणासारखी. म्हणून त्यांना धरायला लगेच कुणीतरी सोबती लागतो."

मोतीरामभाऊ एकदम सरळ बसले. "गोणपाटात गुंडाळा," ते म्हणाले. "अन् मांडीवर घ्या."

"काय?"

"फाळ! जयवंताबाईचा डबा! ज्योती, हे तं म्या सतरा वर्सांपासून करून राहिलो!"

"बाबा, हे शास्त्र आहे," ज्योत्स्ना थकून म्हणाली आणि पुन्हा वहीत डोके घातले. "वेष्टित असते. वेष्टित असते."

त्या दिवशी फोटो उतरवायला ते कॅन्टीनमध्ये गेले, तर टाकीभोवती सहा वाहक उभे होते. मोतीरामभाऊ पाणी पिऊन परत आले.

बुधवारी सकाळी ज्योत्स्ना पुन्हा त्यांच्याच गाडीने निघाली. वाटभर ती वहीत बघून पुटपुटत होती. अमरावतीला उतरून रिक्षात बसून गेली. गाडी रिकामी झाल्यावर मोतीरामभाऊंनी नेहमीप्रमाणे एकेक सीट तपासली, आणि तिच्या सीटवर त्यांना तिचा पेनड्राइव्ह सापडला. सगळी चित्रे त्यातच होती, हे तिने आईला दहादा सांगितलेले त्यांनी ऐकले होते.

परतीची गाडी सुटायला पन्नास मिनिटे होती. "तू चहा घे, आलोच म्या," असे किशोरला सांगून खाकी कपड्यातले मोतीरामभाऊ रिक्षाने कॉलेजात गेले. वर्ग सापडला. पण दाराशी आल्यावर पाय थबकले. आत साठ मुले, मागच्या बाकावर तीन परीक्षक, आणि फळ्यासमोर ज्योत्स्ना. तिने फळ्यावर दोन समांतर रेघा काढल्या होत्या आणि पुस्तकासारखी बोलत होती. "सदर पटलामध्ये अंतर्भूत असलेली वाहक प्रथिने..." पहिल्या बाकावरची एक मुलगी वहीत फूल काढत होती. मागे दोन मुले एकमेकांची कॉलर ओढत होती.

मोतीरामभाऊ पेनड्राइव्ह हातात धरून उंबऱ्यावरच उभे राहिले. आत जाववेना, परत फिरवेना.

"ए, कंडक्टर!" कुणीतरी कुजबुजले. वर्गात खसखस पिकली.

मागे बसलेल्या, तिन्ही परीक्षकांत वडीलधाऱ्या असलेल्या साधना मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "दारात कोण आहे ते?"

ज्योत्स्ना वळली. बाप दिसला, खाकीत, बिल्ला लावलेला, घामाने डबडबलेला. तिचे तोंड उघडले, आणि ती खरे तेच बोलून गेली. "वाहक आहेत, मॅडम."

वर्ग असा फुटला, की साधना मॅडमनाही हसू आवरेना. फूल काढणारीने मान वर केली. ज्योत्स्ना फळ्याकडे पाहत होती, मग दाराकडे, पुन्हा फळ्याकडे. तिने खडू ठेवला.

"हसू नका. बरोबरच सांगितलं मी. हा वर्ग म्हंजे हरितलवक. अन् हे दार. आता मले सांगा, दारात कुणी नसलं अन् दार बंद असलं तर बाहेरचं आत कसं येईल?" बोलता बोलता तिची भाषा घरची झाली होती, आणि तिच्या ते लक्षातही आले नव्हते. "तुझं नाव काय ग?"

"प्रतीक्षा," फूलवाली म्हणाली.

"प्रतीक्षा, तू लोह. कंपासमधलं कर्कटक घे अन् बाहेरून आत ये. हे मागचे दोघं, कॉलरवाले, तुम्ही मेदाम्ले. तुमी आत तयार झाले, आता बाहेर जायचं तुमाले. चला!"

प्रतीक्षा बाहेर गेली. ते दोघे दाराकडे धावले. ती आत घुसायला लागली, ते बाहेर, आणि दारात तिघांची गर्दी झाली. मोतीरामभाऊ दारात होते. दारात त्यांना दुसरे काही सुचतच नसे.

"आधी उतरू द्या हो बाप्पा!" आवाज साऱ्या इमारतीत घुमला. "मंग चढा!"

तिघेही जागच्या जागी थिजले. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मोतीरामभाऊंनी प्रतीक्षाच्या हातातले टोकदार कर्कटक पाहिले आणि खिशातून रुमाल काढला. "हे उघडं नाई चालत, बेटा. गुंडाळून घे. अन् तुमी दोघं, मोकळे पळू नका, एकमेकाचा हात धरा."

"ऐकलं?" ज्योत्स्ना म्हणाली. "लोह गुंडाळून का? मेदाम्लाले सोबती काहून?" आणि साठ मुले एकदम बोलायला लागली. तिने त्यांना मोकळ्या लोहाचे सांगितले, साबणाचे सांगितले, एका फाळाची आणि तेलाच्या डब्याची गोष्टही सांगितली. मग म्हणाली, "फक्त एक फरक लक्षात ठेवा. झाडात लोहाचा वाहक वेगळा, मेदाम्लाचा वेगळा. आमच्या बाबाले दोन्ही कामं एकट्याले करा लागते."

"मेदाम्लांचा वाहकच नसेल तर?" साधना मॅडमनी मागून विचारले.

"परागकणांवरचा थर नीट बनत नाही, मॅडम. झाड जगतं, पण त्याला बी धरत नाही."

हे ऐकून मोतीरामभाऊंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते कुणी पाहिले नाही. त्यांनी पेनड्राइव्ह पहिल्या बाकावर ठेवला, घड्याळ पाहिले आणि पळाले.

"विनावाहक केलं तं पुढची पिढीच नाई," स्टँडवर धापा टाकत त्यांनी किशोरला सांगितले. "आता हे बी लिही."

त्या रात्री ज्योत्स्ना उशिरा परतल्याने काही बोलणे झाले नाही. गुरुवारी सकाळी मोतीरामभाऊ डबा घेऊन निघाले, तेव्हा ती दारात आली. "कॅन्टीनमधला फोटो राहू द्या, बाबा. तसं खोटं काही नाही त्याच्यात." निकालाचा विषय मात्र कुणी काढला नाही. दुर्गाबाईंनीसुद्धा नाही, आणि हे त्या घरात मोठेच नवल होते.

शुक्रवारी दुपारची गाडी बोरगाव सोडून मूर्तिजापूरकडे निघाली होती. दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी, जवळपास घर नाही, थांबा नाही. मोतीरामभाऊंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकले, "बरं" म्हणाले, "जेवली का?" म्हणाले आणि फोन खिशात टाकला. मग हात वर गेला आणि दोरी ओढली. एकदाच.

एक घंटी म्हणजे थांब. किशोरने गाडी बाजूला घेतली. "काय झालं, भाऊ? कोन पडलं?"

एकतीस वर्षांत मोतीरामभाऊंनी थांबा नसताना गाडी थांबवली नव्हती. सगळी माणसे त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड उघडले, पण सीटजवळ आवाजच निघेना. मग ते चालत दारापाशी गेले, कडी काढली, दार उघडले आणि तिथे उभे राहून म्हणाले, "पोरगी लागली! कॉलेजात!"

किशोरने हॉर्न वाजवला, तो वाजवतच राहिला. एक म्हातारी म्हणाली, "लाडू कोठं हायेत?" मधल्या सीटवरचा एक जण पिशवी घेऊन उठला. "थांबलीच हाय तं मी उतरून घेतो, भाऊ. माहं वावर इथंच हाय."

तेवढ्यात शेतातून एक बाई विळा हातात घेऊन धावत आली आणि पायरीवर पाय ठेवायला लागली. अशी आयती गाडी तिला कधी मिळाली नसावी.

मोतीरामभाऊंनी डोळे पुसले आणि हात आडवा केला.

"आधी उतरू द्या हो माय," ते म्हणाले. "अन् तो विळा गुंडाळ."